नीटचे मार्क आले, आता एमबीबीएस लागेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धाकट्या भावाच्या अ‍ॅडमिशनपायी माझे दोन उन्हाळे गेले, २०२४ चा आणि २०२५ चा. तेव्हापासून जून उजाडला की मावशीच्या जावेपासून ते ऑफिसातल्या सरांपर्यंत सगळे मलाच फोन करतात आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं. हे सगळं महाराष्ट्रातल्या पोरांसाठी आहे. मी काही काउन्सिलर वगैरे नाही, फक्त लिस्टा खूप वाचल्यात. आणि नियमांत दरवर्षी काही ना काही बदलतं, त्यामुळे सीईटी सेलचं (राज्यातल्या अ‍ॅडमिशन तेच करतं) त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचायचंच, माझ्या भरवशावर राहू नका.

माझे अमुक इतके मार्क आहेत. लागेल का?

माहित नाही. खरंच. मार्क सांगून काही कळत नाही, रँक सांगा.

आमच्याकडचंच सांगते. भावाला २०२४ ला ७२० पैकी ५९८ आले होते, आम्ही पेढे आणले, आणि मग रँक बघितली तर ८० हजारांच्या पलीकडे. ओपनमधून सरकारीचा प्रश्नच मिटला. त्याने ड्रॉप घेतला, २०२५ ला परत बसला आणि पेपर इतका अवघड आला (फिजिक्स तर विचारूच नका) की हॉलमधून बाहेर आला तेव्हा एक शब्द बोलला नाही. मार्क आले ५३१. म्हणजे ६७ नी कमी! आई दोन दिवस जेवली नाही धड. आणि रँक? वीस हजारांच्या आसपास. साठ हजार पोरं ओलांडून पुढे आला, कमी मार्क घेऊन.

का, तर २०२४ ला ६५० मार्क पडलेल्या पोराची रँक ३० हजारांच्या आसपास होती, आणि २०२५ ला ६५० च्या वर सगळ्या देशात मिळून शंभर पोरंसुद्धा नव्हती, पहिल्या नंबरालाच ६८६ होते. त्यामुळे "गेल्या वर्षी इतक्याला लागलं होतं" हे वाक्य कोणी बोललं की मी फोन कानापासून जरा लांब धरते. मार्क दरवर्षी पेपरप्रमाणे वरखाली होतात, रँक मात्र फारशी हलत नाही, कारण सीटा साधारण तेवढ्याच असतात आणि हळूहळू वाढतात. ऑल इंडियाच्या १५ टक्क्यांचंच बघा (ते काय ते पुढे सांगते), ओपनला पहिल्या राउंडला सरकारी एमबीबीएस गेली काही वर्षं वीस हजाराच्या आगेमागेच थांबतंय, मार्क मात्र २०२४ पेक्षा २०२५ ला शंभराहून जास्तने खाली आले.

मग रिझल्टच्या आधी काहीच कळणार नाही का?

मार्क कळतात, रँक नाही. एनटीए (नीट घेणारी संस्था) आन्सर की टाकते, ओएमआरची, म्हणजे गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन कॉपीपण देते, ती घेऊन बसायचं आणि बरोबरला ४, चुकीला वजा १, असं शांतपणे मोजायचं. ओएमआर वरूनच मोजा हं, प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणांवरून नको, घाईत गोल भलताच भरलेला असतो ते तिथेच कळतं. भावाचे दोन प्रश्न असेच गेले, पेपरवर बी ला टिक आणि ओएमआर वर सी काळा. दहा मार्क.

मार्क कळले की लगेच यूट्यूबवर "एक्स्पेक्टेड कटऑफ" बघायला जाऊ नका. पेपर झाल्याच्या रात्रीच कटऑफ सांगणाऱ्यांकडे कुठलाही डेटा नसतो.

मॉक टेस्टमध्ये ६२० पडतात, तेवढेच धरू का?

सगळ्यात चांगल्या मॉकचा आकडा लोकांना सांगायला ठीक आहे. स्वतःसाठी मात्र शेवटच्या आठ-दहा पूर्ण पेपरांची सरासरी काढा, तीही दुपारी २ ला बसून, मध्ये न उठता दिलेल्या पेपरांची. आणि त्यातही मार्कांपेक्षा क्लासच्या मोठ्या टेस्ट सिरीजमध्ये तुम्ही कितव्या नंबरला येता ते बघा, म्हणजे पेपर सोपा होता का अवघड हा प्रश्नच राहत नाही. क्लासच्या पेपरांची सवय झालेली असते हेही लक्षात घ्या, शिकवणारे सर आणि पेपर काढणारे सर एकच असतात.

तुक्क्यांचं गणित एकदा करून बघा. चारही पर्यायांत काहीच कळत नसताना मारलं तर प्रश्नामागे सरासरी फक्त पाव मार्क हाती येतो, म्हणजे काहीच नाही. दोन पर्याय नक्की बाद करता आले तर दीड मार्क. तुमच्या मॉकमध्ये तीस-चाळीस मार्क जर निव्वळ तुक्क्यातून येत असतील तर खऱ्या पेपरात ते येतीलही, जातीलही.

क्वालिफाय झालो! म्हणजे सीट पक्की ना?

नाही हो. हा गैरसमज घरोघरी आहे आणि काही लोक त्याचाच धंदा करतात. क्वालिफाय म्हणजे ओपन आणि ईडब्ल्यूएसला ५० पर्सेंटाइल, एससी, एसटी, ओबीसीला ४०. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, ५० पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे, बस. २०२५ ला ओपनसाठी ही रेषा १४४ मार्कांवर होती. २२ लाखांवर पोरं बसली, १२ लाखांवर क्वालिफाय झाली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या सीटा, सरकारी, प्रायव्हेट, डीम्ड (अभिमत विद्यापीठांच्या) सगळ्या धरून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे दहा क्वालिफाय पोरांमागे एक सीट, आणि त्या सव्वा लाखातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी.

क्वालिफाय झाल्याचा उपयोग एवढाच की तुम्ही रांगेत उभं राहायला पात्र आहात.

१५ टक्के, ८५ टक्के ही काय भानगड आहे?

महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के सीटा ऑल इंडिया कोट्यात जातात, त्या दिल्लीची एमसीसी (केंद्राची काउन्सिलिंग समिती) भरते आणि तिथे देशातलं कुठलंही पोरगं येऊ शकतं. उरलेल्या ८५ टक्के आपल्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून (प्रवेशाच्या फेऱ्यांमधून), आपल्याच पोरांना. दोन्हीकडे वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळी फी, वेगळ्या तारखा, वेगळं आरक्षण. दोन्ही फॉर्म भरायचे. डीम्ड युनिव्हर्सिट्या, एम्स (नागपूरचं धरून), हे सगळं एमसीसीकडे.

चान्स मोजताना ही दोन खाती वेगळी ठेवा. स्कोअरकार्डवर जी कॅटेगरी रँक छापलेली असते ती देशभरातल्या तुमच्या कॅटेगरीतली रँक आहे, ती महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत कामाला येत नाही. तिथे बघायचा तो स्टेट मेरिट नंबर, जो सीईटी सेल रजिस्ट्रेशन संपल्यावर लिस्ट लावते तेव्हा कळतो.

मागच्या वर्षीची लिस्ट बघा म्हणता, पण बघायची कशी?

हा खरा प्रश्न. आणि नव्वद टक्के लोक इथेच चुकतात.

सीईटी सेलच्या साइटवर प्रत्येक राउंडची सिलेक्शन लिस्ट असते, शेकडो पानांची पीडीएफ, मोबाइलवर उघडून काही कळत नाही, लॅपटॉप घ्या. एका ओळीत एक पोरगं, त्याची ऑल इंडिया रँक, नाव, कॅटेगरी, कुठल्या कोट्यातून सीट मिळाली ते आणि कॉलेज. आता समजा तुम्ही ओबीसी आहात. तुम्ही कॅटेगरीच्या रकान्यात ओबीसी शोधता, एखाद्या कॉलेजात पहिलं ओबीसी पोरगं सापडतं नऊ हजार रँकचं, आणि तुमचा जीव जातो. पण बाजूचा कोट्याचा रकाना बघा, तिथे ओपन लिहिलंय. ते पोरगं ओबीसी असलं तरी मेरिटवर ओपनच्या सीटवर बसलंय. तुमच्या कामाची ओळ ती, जिथे कोट्यातच ओबीसी लिहिलंय, आणि त्यातलीही सगळ्यात शेवटची रँक. मी पहिल्या वर्षी हे उलटं वाचलं होतं आणि एका मैत्रिणीच्या मुलीला उगाच घाबरवलं होतं, तिने मला अजून माफ केलेलं नाही.

मग एक साधी एक्सेल करा. डावीकडे कॉलेजं, पुढे मागच्या दोन-तीन वर्षांतली तुमच्या कोट्याची शेवटची रँक, पहिल्या राउंडची वेगळी आणि शेवटच्या राउंडची वेगळी. पहिल्या राउंडवरच निकाल लावू नका, कारण वरची पोरं ऑल इंडियातून, एम्समधून सीट घेऊन निघून जातात, बाकीची वर सरकतात आणि खाली जागा होतात. आम्ही ही एक्सेल बनवायला एक रविवार घातला, त्यानंतर एकदाही कोणाला "लागेल का" असं विचारावं लागलं नाही.

अजून एक पद्धत, लिस्ट लागल्यावरची. स्टेट मेरिट लिस्टमध्ये तुमच्या वर तुमच्या कॅटेगरीची किती पोरं आहेत ते मोजा आणि राज्यात त्या कॅटेगरीच्या सरकारी सीटा किती ते माहितीपत्रकातल्या सीट मॅट्रिक्समधून (सीटांच्या तक्त्यातून) काढा. वरच्यांतली काही ओपनच्या सीटवर जातील, काही राज्याबाहेर, म्हणजे तुमचा खरा नंबर मोजलेल्यापेक्षा थोडा पुढचाच निघतो.

माझी रँक मागच्या वर्षीच्या शेवटच्या रँकच्या अगदी जवळ आहे. आत की बाहेर?

काठावर. आणि काठावरच्या माणसाला कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, मी पण नाही. दोन-तीन वर्षांच्या रँका बघून तुम्ही सगळ्यांच्या आरामात आत असाल तर निवांत, सगळ्यांच्या बाहेर असाल तर मनाची तयारी करा, आणि मध्ये असाल तर शेवटच्या राउंडपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

सीटा वाढल्या की काठावरच्यांचं नशीब उघडतं. २०२४ ला राज्यात एकदम १० नवी सरकारी कॉलेजं निघाली, गडचिरोली, वाशिम, हिंगोली, जालना, बुलढाणा, भंडारा, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबईत एक. त्यामुळे रँका थोड्या खाली उतरल्या. नवं कॉलेज नको, तिथे हॉस्टेल नाही, पेशंट नाहीत, असं म्हणणारे खूप भेटतात, पण काठावर असाल तर हीच कॉलेजं तुमची.

कॅटेगरीमुळे चान्स किती बदलतो?

बराच, पण कागद हातात असेल तरच. राज्यात एससी १३, एसटी ७, ओबीसी १९, व्हीजे आणि एनटीचे (विमुक्त आणि भटक्या जमातींचे) वेगवेगळे गट, एसईबीसी १०, ईडब्ल्यूएस १०. ऑल इंडियात मात्र एससी १५, एसटी साडेसात, ओबीसी २७, ईडब्ल्यूएस १०, आणि तिथे एसईबीसी असं काही नाहीच. म्हणजे मराठा पोरगं राज्यात एसईबीसीतून आणि ऑल इंडियात, उत्पन्न वगैरे बसत असेल तर, ईडब्ल्यूएसमधून, अशी दोन वेगळी सर्टिफिकेटं काढावी लागतात. कुणबी दाखला असेल तर गोष्ट वेगळी. व्हीजे-एनटीवाल्यांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघून केंद्राच्या नमुन्यातलं नॉन क्रीमी लेयर काढायचं, राज्याचं तिथे चालत नाही.

कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र. हे दोन शब्द अकरावीला अ‍ॅडमिशन घेतली त्याच दिवशी फ्रीजवर लिहून ठेवा. व्हॅलिडिटी हातात नसेल तर चान्स मोजताना स्वतःला ओपनच धरा, म्हणजे नंतर धक्का बसत नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराची रँक चांगली होती, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या नावात एक मात्रा वेगळी, त्यावरून फाइल अडकली, बाप जिल्ह्याच्या ठिकाणी रोज सकाळच्या एसटीने जायचा. नॉन क्रीमी लेयरवरची तारीखपण बघा, ते ३१ मार्चला संपतं.

मुलींना वेगळा चान्स असतो का?

राज्याच्या कोट्यात सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत ३० टक्के मुलींसाठी, प्रत्येक कॅटेगरीत. ऑल इंडियात असं नाही. हल्ली मुली तशाही मेरिटवरच इतक्या वर असतात की काही ठिकाणी याने फारसा फरक पडत नाही. फीचं मात्र बघा, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून अ‍ॅडमिशन असेल तर शिक्षण शुल्क माफ आहे. एखादं प्रायव्हेट कॉलेज "परवडणार नाही" मधून "परवडेल" मध्ये येऊ शकतं.

बारावी कोट्याला केली तर?

राजस्थानच्या कोटाबद्दल विचारताय ना. क्लास कुठेही करा, पण ८५ टक्क्यांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास आणि डोमिसाइल (रहिवासी दाखला) हा मूळ नियम आहे. काही सरकारी नोकरदारांच्या वगैरे मुलांना सवलती आहेत, त्या माहितीपत्रकात बघा. बाकीच्यांनी बारावीचा फॉर्म बाहेरच्या राज्यातून भरला की राज्याच्या सीटा हातातून गेल्या, मग फक्त १५ टक्के आणि डीम्ड. ही चूक नंतर दुरुस्तच करता येत नाही.

बारावीचे मार्क धरतात का?

मेरिटला नाही. पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) ओपनला ५० टक्के, राखीवला ४०, पास व्हा आणि विसरा.

सारखे मार्क असतील तर?

आधी बायोलॉजी, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स. त्यातही टाय झाला तर चुकीच्या उत्तरांचं प्रमाण कमी असलेला पुढे.

प्रेफरन्स फॉर्ममध्ये केईएम वर टाकलं तर खालचं कॉलेज हातचं जाईल का?

नाही जाणार. सीट मेरिटने लागते, तुमच्या पुढचं पोरगं आधी. तुमचा नंबर आला की कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जे पहिलं रिकामं असेल ते देतो. केईएम मिळत नसेल तर पुढच्यावर जातो, दंड काही नाही. म्हणून मनातल्या क्रमानेच भरा, "आपल्याला काय मिळेल" या क्रमाने नको. याचं उलटही खरं, जिथे मिळालं तरी जाणारच नाही ते कॉलेज यादीत टाकूच नका. एमसीसीच्या शेवटच्या स्ट्रे राउंडला मिळालेली सीट सोडली तर डिपॉझिट जातंच आणि पुढच्या वर्षी नीटलाही बसता येत नाही.

सरकारी नाही लागलं तर प्रायव्हेटचा चान्स कसा मोजायचा?

रँक आणि पैसा दोन्ही एकाच कागदावर लिहा. कॅपमधल्या प्रायव्हेट कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तरी ती लाखांत असते, आणि मॅनेजमेंट-एनआरआयच्या १५ टक्क्यांत कितीतरी पट. डीम्डला बऱ्याच ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या वर, आणि एमसीसीकडे नुसतं डिपॉझिटच २ लाख. साडेचार वर्षं, हॉस्टेल, मेस, दरवर्षी वाढ. आमच्याकडे २०२४ ला काठावर प्रायव्हेट दिसत होतं. बाबांनी एका वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला, खाली दोनदा रेघ मारली आणि वही बंद केली. त्यावर घरात परत बोलणं झालं नाही.

"सर, सीट कन्फर्म करून देतो, रँक कितीही चालेल" असा फोन आला तर कट करा. प्रायव्हेटची काय आणि डीम्डची काय, सीट काउन्सिलिंगमधूनच जाते.

प्रेडिक्टर अ‍ॅप वापरू का?

करमणूक म्हणून वापरा. बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबर दिल्याशिवाय आकडा दिसत नाही, आणि मग दिवाळीपर्यंत फोन येत राहतात. आत जे असतं ते तुमच्या एक्सेलमध्येही असतं.

ड्रॉप घेऊ का?

रँक शेवटच्या रँकपासून किती लांब आहे ते बघा आणि मार्क कुठे गेले ते बघा. भावाचे मार्क फिजिक्समध्ये जात होते, बायो पक्कं होतं, म्हणजे सुधारायला जागा होती. बायोतच ९० पैकी पन्नास बरोबर येत असतील तर वर्षभरात सगळंच उभं करावं लागतं, ते जमतं पण फार थोड्यांना. दुसरा ड्रॉप घ्यायच्या आधी पोराला एकट्याला विचारा, आईबाबा खोलीत नसताना. नियमाने अटेम्प्टला मर्यादा नाही, म्हणून घरचे थांबतच नाहीत.

बीडीएस, बीएएमएस, किंवा बाहेर देशी?

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस नीटवरच, रँका बऱ्याच खालपर्यंत जातात, त्याच पद्धतीने लिस्ट वाचा. मनापासून घ्यायचं असेल तर घ्या, "एमबीबीएस नाही ना, मग हेच" म्हणून घेतलेली पोरं पहिल्याच वर्षी परत नीटचा फॉर्म भरताना बघितलीत.

परदेशी जायलाही नीट क्वालिफाय लागतंच. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, आणि तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, हे नसेल तर इथे डिग्रीला किंमत नाही. परत आल्यावर एफएमजीई (परदेशी डिग्रीवाल्यांची इथली परीक्षा), पास व्हायला ३०० पैकी १५०, आणि त्यात पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात. एजंट फक्त विमानात बसवण्यापुरताच असतो.

तुमच्या भावाला शेवटी काय लागलं?

विदर्भातलं एक सरकारी, पहिल्या राउंडला, एक्सेलमध्ये आम्ही हिरवा रंग दिलेल्या कॉलेजांपैकी चौथं. लिस्ट रात्री लागली, पीडीएफ उघडेना, बाबा पानं सरकवत होते आणि भाऊ शेजारी झोपलेला होता, कारण त्याच्या मते "एक्सेलमध्ये हिरवं आहे म्हणजे आहे". आता तिथून फोन करून मेसच्या वरणाला नावं ठेवतो.